एकोणऐंशीचा प्रश्न: शिक्षकांची प्रशिक्षणं आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शालेय शिक्षकांची सेवांतर्गत प्रशिक्षणं आखणारे सर्व अधिकारी आणि तज्ज्ञ

विषय: शिक्षक स्वतःहून कशासाठी शिकतात, याबाबत

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. नोकरीला २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. गेल्या महिन्यात शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला: ज्यांचे प्रशिक्षणाचे वर्षाचे ५० तास पूर्ण झालेले नाहीत त्यांनी आपलं नाव आणि अपूर्ण तास आज चारच्या आत कळवावेत. माझे १८ तास कमी होते, ते मी कळवले. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मात्र मी वेगळाच हिशोब मांडून बसले. इतक्या वर्षांत मी शिकवण्याबद्दल खरोखर काय काय शिकले आणि त्यातलं किती या तासांच्या रकान्यात बसतं? फारच थोडं बसलं. जे बसलं नाही त्याबद्दल हे पत्र आहे.

एका मुलीची गोष्ट आधी सांगते. २०१८ च्या हिवाळ्यातली. दुसरीच्या वर्गात खिडकीशेजारच्या बाकावर ती बसायची. तिची आई स्टेशनबाहेर भाजी विकते आणि संध्याकाळी ही तिच्या शेजारी गोणपाटावर असायची. मी संख्या सांगत होते, मुलं पाटीवर लिहीत होती. "एकोणऐंशी" म्हटलं आणि तिने ८९ लिहिलं. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, ही चूक दरवर्षी भेटते. मी १४ वर्षं तिच्यावर फुली मारत आले होते. त्या दिवशी का कोण जाणे, मी तिच्या बाकाशी खाली बसले आणि विचारलं, "हे कसं लिहिलंस गं?"

ती म्हणाली, "बाई, ऐंशी म्हणजे आठ ना? आणि एकोण म्हणजे नऊ."

मी गप्पच झाले. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. 'एकोण' कानावर आलं की एककाच्या घरात नऊच येतात. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. 'ऐंशी' कानावर आलं की दशकाच्या घरात आठच येतात. हे दोन्ही नियम तिला कोणी शिकवले नव्हते, ऐकून ऐकून तिचे तिनेच काढले होते. एकोणऐंशीपाशी ते दोन्ही एकदम लागू केले की उत्तर चुकतं, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. मग मी तिला आईच्या धंद्यातला हिशोब घातला. चाळीसची मेथी, तीसची कोथिंबीर, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली. "तीस परत द्यायचे," तिने बोटं न मोडता सांगितलं.

म्हणजे तिचं गणित पक्कं होतं. तिला अडवत होती ती संख्येच्या नावातली खोच, आणि ती खोच मी कधी उलगडून दाखवलीच नव्हती. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. वर्गात मात्र मी ते एकदाही बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत मी सुचतील त्या सगळ्या संख्या मनात म्हणून पाहिल्या. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात, लिहिताना आधी सहा लिहावे लागतात. सत्तावन्न, अडतीस, पंचाहत्तर, सगळीकडे तेच. कान एका दिशेने जातो, हात दुसऱ्या. पुढे वाचताना कळलं की जर्मन मुलांचीही हीच अडचण होते, कारण त्यांच्या भाषेतही एकवीसला 'एक आणि वीस' असंच म्हणतात. नोकरी लागल्यापासून मी स्वतःहून, कोणी न सांगता, एखाद्या विषयावर शोधून शोधून वाचलं असेल तर ते तेव्हा पहिल्यांदा.

जवळच्या दोन शाळांतल्या तिघी मैत्रिणींना मी हे सांगितलं. त्यांच्याही वह्यांत ८९ होतेच. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही चौघी एकीच्या वर्गात बसायला लागलो. डबे उघडायचे आणि मुलांच्या वह्या मध्ये ठेवायच्या. आइस्क्रीमच्या काड्या जमवल्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावले. एकोणऐंशी दाखवायचे म्हणजे सात गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या. एकीला सुचलं की त्या नऊ काड्यांजवळ एक रिकामं रबर ठेवून द्यावं. एक काडी आली की लावता येईल, पण अजून लावलेलं नाही.

सोमवारी मी तसंच केलं. खिडकीशेजारची ती मुलगी काड्यांकडे पाहत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "हा ऐंशीच्या घरात अजून गेलाच नाही. दारातच उभा आहे. एक काडी पाहिजे त्याला."

हे वाक्य मी त्याच दिवशी माझ्या टाचणवहीत लिहून ठेवलं आणि शनिवारी तिघींना वाचून दाखवलं. तेव्हापासून आमचे शनिवार फारसे चुकलेले नाहीत. करोनाच्या काळात फोनवर बसलो. एक जण बदली होऊन लांब गेली, तिच्या जागी दोघी नव्या आल्या.

पुढल्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, प्रश्न विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर त्यामागचा विचार शांतपणे समजावून सांगत होत्या. आम्ही चौघींनी तेव्हा मिळेल ते सगळं वाचलं, बाजूचंही आणि विरोधातलंही. आमच्यात एकमत झालं नाही. मला आजही वाटतं की त्रेसष्ट, चौसष्ट हा आपल्या भाषेचा ठेवा आहे, तो जपावा आणि 'साठ तीन' ही त्याच्याकडे नेणारी पायरी म्हणून वापरावी. माझी एक मैत्रीण उलट बाजूची आहे. पण एरवी शिक्षणातल्या वादांकडे "वरचे लोक बघतील" म्हणून पाठ फिरवणाऱ्या आम्ही, या वादात रात्र रात्र वाचत होतो. तो प्रश्न आमच्या मुलांच्या पाटीवर आधीच उमटलेला होता ना.

आता त्याच सुमाराच्या एका प्रशिक्षणाबद्दल. कुठलं, कुणाचं ते सांगत नाही, कारण तो मुद्दा नाही. मोठं सभागृह, पाच दिवस, पडद्यावर अक्षरांनी भरलेल्या स्लाइड. आमच्या सुलभक बाई, म्हणजे आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या, स्वतः एका शाळेत शिकवणाऱ्या होत्या. दोनच दिवस आधी त्यांना वर्गातून उचलून त्यांचं प्रशिक्षण उरकलं होतं, आणि त्यांना शिकवणाऱ्यांचंही त्याआधी तसंच झालं होतं. राज्यावरून विभागाला, विभागावरून शहर साधन केंद्राला, तिथून आम्हाला. टेकडीवरच्या टाकीतून सोडलेलं पाणी खालच्या चाळीत येईपर्यंत नळाला नुसती धार राहते, तसं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना एकोणऐंशीचा प्रश्न विचारला. त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या वर्गातही हेच होत होतं! पण सत्र सुरू झालं आणि त्या म्हणाल्या, "बाई, हे आजच्या घटकात येत नाही, आपण पुढे जाऊ." पुढच्या स्लाइडचं शीर्षक होतं 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन'. मला त्या बाईंचा आजही राग नाही. आम्ही दोघी एकच प्रश्न घेऊन एका खोलीत पाच दिवस बसलो होतो आणि त्याला त्या पाच दिवसांत जागा नव्हती.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचंही लिहिते, कारण ते तुम्हाला कोणी सांगत नसेल. फोन डब्याला टेकवून ठेवायचा, व्हिडिओ चालू करायचा आणि पोळ्या लाटायच्या. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं तोवर ग्रुपवर आलेली असतात. मीही हे केलं आहे, एकदा नाही, अनेकदा. त्या प्रमाणपत्रांवर माझं नाव आहे आणि त्यातलं एक वाक्यही मला आठवत नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. पण खरं सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ राहणार नाही. सरकारच्या 'दीक्षा' पोर्टलवरचे सगळेच अभ्यासक्रम वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पायाभूत साक्षरतेवरचे काही भाग तर फार चांगले आहेत, मी ते नंतर सावकाश पुन्हा पाहिले. नंतर, म्हणजे माझ्या वर्गात वाचनाची अडचण उभी राहिली तेव्हा.

तुमच्या बाजूचंही मी समजून घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली, आणि ही अपेक्षा जास्त आहे असं मला मुळीच वाटत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये तर दर पाच वर्षांत दोन ते तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावं असं सुचवलं होतं. आम्हाला कमी शिकायचं आहे अशी तक्रार माझ्याकडून तुम्हाला कधीही ऐकायला मिळणार नाही. पण तास मोजणं सोपं असतं म्हणून तेवढेच मोजले गेले, आणि मोजलं जातं तेवढंच मग शाळाशाळांतून होऊ लागलं.

शिक्षक पुढे का शिकतात, याची माझ्या आजूबाजूला मला दिसलेली कारणं सांगते. पैसा हे कारण आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. घरभाडं, मुलांची कॉलेजची फी, सासूबाईंची औषधं यांत त्या श्रेणीचा आधार मोठा असतो. माझ्या एका सहकाऱ्याची श्रेणी केवळ प्रशिक्षणच निघालं नाही म्हणून रखडली. अखेर निघालं तेव्हा तो त्या वर्गात काय शिकायला बसला असेल? सही करायला बसला. शिकण्याची इच्छा असलेल्या माणसाला इतकी वर्षं दारात ताटकळत ठेवलं तर आत येताना तो फक्त पावतीच मागणार.

भीती हे दुसरं कारण, आणि मुंबईतल्या मराठी शाळांत ते फार मोठं आहे. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग कुठे समायोजन होईल, अंधेरीला की मुलुंडला, कोणत्या माध्यमात, काही सांगता येत नाही. म्हणून अनेक जण इंग्रजी संभाषणाचे वर्ग लावतात, मुक्त विद्यापीठातून एखादी पदवी घेतात, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. त्यांना शिकायची हौस नाही असं म्हणता येणार नाही, पण ते वर्गाकडे पाहून शिकत नसतात, नोटिशीकडे पाहून शिकत असतात.

आणि आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, टीईटी न झालेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी लागेल. मी त्यात येते. संध्याकाळी महिलांच्या डब्यात आता वेगळंच दृश्य दिसतं. पूर्वी भाजी निवडणाऱ्या, डोळे मिटून बसणाऱ्या शिक्षिका मांडीवर बालमानसशास्त्राची पुस्तकं घेऊन बसतात. माझी एक मैत्रीण ४७ वर्षांची आहे. सुरुवातीला ती रडायची. २५ वर्षं मुलांना घडवलं आणि आता आमचीच परीक्षा, म्हणायची. मागे एकदा ठाण्याला गाडी थांबली असताना तिने मला पुस्तकातला एक परिच्छेद बोट ठेवून दाखवला. व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा, निकटस्थ विकास क्षेत्राचा. मुलाला एकट्याला जे जमत नाही पण कुणाच्या मदतीने जमतं, तो टप्पा. "अगं, रिकामं रबर म्हणजे हेच की," ती म्हणाली. रिकाम्या रबराची कल्पना तिचीच होती.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती पुस्तकाकडे आली भीतीने, पण त्या परिच्छेदाशी थांबली ती स्वतःच्या वर्गातल्या अनुभवामुळे. तेव्हापासून मला वाटतं की माणूस कोणत्या कारणाने शिकायला येतो याची फार चिंता तुम्ही करू नये. श्रेणीसाठी येऊ दे, भीतीने येऊ दे. आल्यावर त्याला आपल्या वर्गाची ओळख पटेल असं काही तिथे सापडतं का, एवढं बघावं. सापडलं की तो टिकतो.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये याच दिशेचा एक विचार मांडला, तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. प्रशिक्षणं आखणारे धरून चालतात की आधी शिक्षकाचं मन वळवायचं, मग त्याचं शिकवणं बदलेल, मग मुलं शिकतील. गस्की म्हणतात की क्रम वेगळा आहे. शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, त्याने मुलं शिकताना त्याला दिसतात, आणि मग त्याचं मन बदलतं. आमच्या काड्यांचं हेच झालं. "दारातच उभा आहे" हे वाक्य मी ऐकलं नसतं तर पहिल्या दोन शनिवारांनंतर मीही घर गाठलं असतं, घरी कामं काय कमी आहेत?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतल्या ओढीला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं आहे: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि सोबत आपली माणसं असणं. यातली तिसरी गोष्ट शिक्षकांच्या बाबतीत सगळ्यात कमी बोलली जाते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगते. आमचं काम माणसांच्या गराड्यात चालतं आणि तरी ते फार एकट्याचं असतं. दार लावलं की आत मी आणि ४० मुलं. माझं कुठे चुकतंय हे पाहणारं मोठं माणूस तिथे येतं ते तपासणीलाच, आणि तेव्हा चूक झाकायची असते. शनिवारच्या खोलीत मी पहिल्यांदा माझ्या वर्गातल्या चुकलेल्या वह्या दुसऱ्या शिक्षिकेपुढे स्वतःहून उघड्या केल्या. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात मागे बसून मुलांकडे बघतात आणि नंतर सगळे त्यावर बोलतात. ती तिथली जुनी, रोजच्या कामातली रीत आहे. आपल्याकडे ते अशक्य आहे असं मला वाटत नाही. आसपासच्या शाळा मिळून जे केंद्र असतं, त्याची शिक्षण परिषद दरमहा होतेच. तिच्यात परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी एका वर्गात सगळ्यांनी मागे बसावं.

आणि आपल्याकडे तर याची मोठी परंपरा आहे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक माँटेसरी पद्धत आत्मसात करून बोर्डी-कोसबाडला गेल्या, तेव्हा पाड्यावरची मुलं शाळेत येत नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ मग शाळाच घेऊन अंगणात आणि कुरणात गेल्या. महागड्या साधनांच्या जागी दगड, बिया, शंख-शिंपले आणि पानं आली. पुस्तकात शिकलेलं समोरच्या मुलापुढे अपुरं पडलं, म्हणून त्या पुन्हा शिकत्या झाल्या. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, तो त्या शिकण्यातून आलेला आहे.

वेळेबद्दल बोलले नाही तर हे सगळं हवेतलं ठरेल. मुंबईची शिक्षिका पहाटे साडेचारला उठते, दीड तास प्रवास करते, आणि सकाळचं अधिवेशन संपवून घरी पोचते तेव्हा दुसरी पाळी सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं म्हटलं आहे, पण मतदार याद्या आणि माहितीचे तक्ते यांतच किती दिवस जातात ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्यात प्रशिक्षण शाळेच्या दिवशी लागलं की माझा वर्ग शेजारच्या वर्गात जाऊन बसतो. ८० मुलं एका खोलीत, मी सभागृहात. जिला मुलांची काळजी आहे ती शिक्षिका तिथे बसून घड्याळाकडेच बघणार. आणि दिवाळीच्या सुट्टीत लागलं तर ती कशी येईल ते सांगायला नको.

विनाअनुदानित शाळांतल्या मैत्रिणींची गोष्ट तर आणखी कठीण आहे. तुटपुंज्या पगारातून पदरचे पैसे घालून त्या अभ्यासक्रम करतात, आणि त्यांची मोजणी कुठेच होत नाही. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहायला हवं.

माझी तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वर्षीचा आराखडा करण्याआधी प्रत्येक केंद्रातून शिक्षकांचे प्रश्न मागवा. "कोणत्या विषयावर प्रशिक्षण हवं?" असं विचारू नका, त्याला आम्ही सवयीने 'तंत्रज्ञान' किंवा 'इंग्रजी' असं उत्तर देतो. "तुमच्या वर्गातली अशी एक चूक पाठवा जी तुम्हाला सुटत नाही" असं विचारा, आणि मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो मागवा. तुमच्याकडे हजारो पानं जमतील. त्यांतल्या दहा प्रश्नांवर वर्षभराचं काम निघेल, आणि त्या दहांपैकी एक तरी प्रश्न माझा असेल, म्हणून मी पुढच्या बाकावर येऊन बसेन.

पाच दिवस सलग ठेवण्यापेक्षा दोन दिवस आधी आणि एक दिवस महिन्याने ठेवा. मधल्या महिन्यात वर्गात करून बघायचं आणि तिसऱ्या दिवशी वह्या घेऊन यायचं. आजवर मी इतकी प्रशिक्षणं केली, पण "मग काय झालं?" हे विचारायला कोणीही परत आलेलं नाही. एकही जण नाही.

शनिवारच्या गटांना ५० तासांत धरा. पुरावा हवा असेल तर बहुपर्यायी प्रश्नांऐवजी शिक्षकाच्या हातचं एक पान मागा: मूल काय म्हणालं, मी काय केलं, पुढे काय झालं. असं पान ग्रुपवरून उतरवून घेता येत नाही. चांगली पानं 'जीवन शिक्षण' मासिकात छापा, एका शिक्षकाचं वाचून दुसरा लिहू लागेल.

आणि मुंबईत आहे ते आम्हाला वापरू द्या. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुलांच्या गणित-विज्ञानाच्या समजुतीवर काम करतं आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, शिवाय एसएनडीटी विद्यापीठाचं शिक्षण महाविद्यालय आहे. गोवंडीच्या शाळेतल्या शिक्षिकेची बस यांतल्या दोन फाटकांवरून रोज जाते आणि तिच्या सबंध नोकरीत आत पाऊल टाकायचं कारण तिला कोणी देत नाही. वर्षातले दोन दिवस तिला ऑन ड्युटी तिथे पाठवा, तिच्या आवडीच्या विषयासाठी, तिने निवडलेल्या दिवशी. सिंगापूरमध्ये शिक्षकांना वर्षाला १०० तासांच्या शिक्षणाचा हक्क आहे. तो हक्क आहे, म्हणून शिक्षक तो मागतात. दोन दिवसांपासून आपल्यालाही सुरुवात करता येईल.

टीईटीची तयारी करणाऱ्यांसाठीही एक करता येईल. केंद्राकेंद्रांवर संध्याकाळचा एक तास मोकळा वर्ग द्या, जिथे शिक्षक मिळून अभ्यास करतील आणि प्रत्येक संकल्पनेला आपल्या वर्गातलं उदाहरण शोधतील. आज शेकडो रुपयांची गाइडं विकत घेऊन प्रत्येक जण एकेकटा घोकतो आहे. इतके शिक्षक एकाच वेळी बालमानसशास्त्र वाचत आहेत, असं याआधी माझ्या पाहण्यात कधी आलं नव्हतं. ही वेळ नुसत्या धास्तीत जाऊ देऊ नका.

खिडकीशेजारची ती मुलगी आता मोठी झाली, दुसऱ्या शाळेत जाते. आईच्या पाटीशी अजून दिसते कधीकधी. मला पाहून हात करते.

येत्या शनिवारी आम्ही शंभरातून एकोणऐंशी वजा करायला घेतलं आहे. दोन शून्यांकडून हातचा घेताना मुलं नेमकी कुठे अडतात ते बघायचं आहे. तिसरीच्या १७ वह्या जमल्या आहेत, त्यांत सहा वेगवेगळ्या तऱ्हेच्या चुका आहेत आणि त्यांतली एक आम्हा कोणालाच उलगडलेली नाही. साडेबारा वाजता बसतो. तुमच्यापैकी कोणी आलात तर तीही वही तुमच्यापुढे ठेवू.

आपली नम्र,
दुसरीची एक वर्गशिक्षिका
मुंबई